निवलेले शब्द

"म्हणजे तुम्ही मिस्टर गॉडेटना रोज सकाळी 'माय लव्ह' म्हणत होतात," विटकॉमबाई म्हणाल्या. आवाजात कुत्सितपणा नव्हता, आश्चर्यही नव्हतं. समोरच्या पिवळ्या वहीत त्यांनी एक टिंब दिलं आणि वर पाहिलं. योकास्ताकडे नव्हे, माझ्याकडे, कारण उत्तर माझ्या तोंडून यायचं होतं. त्यांची नजर माझ्यावर थांबली तेव्हा मला एकदम जाणवलं की हे शब्द माझे आहेत. योकास्ता पेगेरोने सकाळपासून एकदाही 'माय लव्ह' म्हटलेलं नव्हतं. तिला इंग्रजी दोन-चार शब्दांपलीकडे येत नाही. ते मी म्हटलं होतं, साडेनऊपासून चार वेळा, माझ्या स्वच्छ, घोटलेल्या इंग्रजीत. ते चार वेळा स्टेनो लोरेनच्या यंत्रातून कागदावर गेलं होतं आणि आता त्या कागदावरून उचलून विटकॉमबाईंनी ते टेबलाच्या मध्यभागी ठेवलं होतं.

मी एकोणीस वर्षं दुभाषी आहे, स्पॅनिशची. ह्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की खोलीत तू नाहीस. साक्षीदार 'मी' म्हणाली की तूही 'मी' म्हणायचंस. 'ती म्हणते तिची पाठ दुखते' असं नाही. 'माझी पाठ दुखते'. ह्या एकोणीस वर्षांत माझे तीन नवरे वारले, माझ्या पायावरून गोदामातली गाडी गेली, मी दुकानातून बाळाच्या लंगोटांचं पाकीट उचललं, मला दोनदा देशाबाहेर काढलं, आणि दर संध्याकाळी घरी येऊन मी मुकाट्याने भात लावला. स्वतःचं काही बोलायचीच वेळ आली, म्हणजे ऐकू आलं नाही किंवा शब्दाचे दोन अर्थ निघतात, तर स्वतःला परक्या माणसासारखं 'दुभाषी' म्हणायचं. 'दुभाषी विनंती करते की प्रश्न पुन्हा विचारावा.' मला हे आवडायचं. लोक ज्याला ओझं म्हणतील ते मला अंगावरून उतरवलेल्या कोटासारखं वाटायचं.

खोली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका वकिलांच्या कचेरीत, अकराव्या मजल्यावर होती. बाहेर फेब्रुवारी होता आणि बंदरावर राखाडी बर्फ. टेबलाशी पाचजण. वृद्धाश्रमाच्या वकील विटकॉमबाई, वय पस्तिशीचं, केस घट्ट मागे बांधलेले, वागायला अतिशय सभ्य. योकास्ताचे वकील मेदेइरोस, पोर्तुगीज घरातले, सत्तरीला टेकलेले; पोर्तुगीज येतं म्हणून आपल्याला स्पॅनिशही कळतं असा त्यांचा समज, आणि तो अर्ध्या वाक्यापर्यंतच टिकायचा. स्टेनो लोरेन. मी. आणि योकास्ता, वय एक्कावन्न, मूळची डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीची, चौदा वर्षं त्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचं म्हणणं असं, की सुपरवायझर रॉन गॉडेटने तिला कोठीच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं, तिला धरलं. ती हिसका देऊन बाहेर आली आणि तिने तक्रार केली. तीन आठवड्यांनी तिची नोकरी गेली. आज तिची जबानी होती. जबानीला न्यायाधीश नसतो. फक्त प्रश्न, उत्तरं आणि कागद. पुढे जे काही होतं ते त्या कागदावरून.

सकाळी ती आली तेव्हा मी खाली स्वागतकक्षात उभी होते. जांभळा घट्ट ब्लाउज, कानात सोन्याच्या मोठ्या रिंगा, नखं लाल, आणि अंगावर इतकं अत्तर की लिफ्टमध्ये ते आमच्या आधी वर गेलं. चर्चला जातानाचे तिचे चांगले कपडे असणार. माझ्या मनात आलं, आज तरी हे घालून यायचं नव्हतं बाई. माझ्या अंगावर राखाडी सूट होता, माझे सगळे सूट राखाडीच आहेत. टेबलावरच्या मुलीने मला विचारलं, "तुम्ही ह्यांच्या वकील का?" आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. बरं वाटलं, आणि लिफ्ट अकराव्यावर पोचेपर्यंत ते पुरलं. वर विटकॉमबाईंनी स्वतः दार धरून ठेवलं होतं. योकास्ता आत शिरता शिरता त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "ग्रासियास, मि आमोर." विटकॉमबाई हसल्या. अजून शपथ झालेली नव्हती, म्हणून मी त्याचं भाषांतर केलं नाही.

मि आमोर. शब्दशः पाहिलं तर माझं प्रेम. पण असं शब्दशः कोण पाहतं? आमच्या सेंट्रल फॉल्समध्ये डेक्स्टर स्ट्रीटवरच्या बेकरीत पाव घ्यायला गेलात तर काउंटरवरची बाई म्हणेल, काय देऊ मि आमोर, आणि तुमच्या मागे उभ्या म्हाताऱ्याला म्हणेल, सरक रे मि आमोर, दार लागू दे. बाळा, राजा, अगं, अहो, दादा, ताई. ज्याला जसं लागेल तसं ते बसतं. माझी आई एल्बिरा एकोणीसशे एकाहत्तरात कोलंबियातल्या बारान्कियाहून इथल्या कापडगिरणीत आली. ती गॅसचं मीटर वाचायला येणाऱ्याला मि आमोर म्हणायची. आमच्या डॉक्टरांना म्हणायची. धागा तुटून साचा बंद पडला की साच्यालाही म्हणायची, चल ना मि आमोर, असं काय करतोस. इंग्रजीत त्याला शब्द नाहीत असंही नाही. रस्त्याकडेच्या खाणावळीतली गोरी बाई गिऱ्हाइकाच्या कपात कॉफी ओतताना 'हनी' म्हणते. त्याबद्दल कुणी तिची जबानी घेत नाही.

मग मी 'हनी' का म्हटलं नाही? साडेनऊला पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा योकास्ता सांगत होती: मी आत गेले, म्हटलं गुड मॉर्निंग मि आमोर, आज अंडी किती लोकांची? माझ्या तोंडून 'माय लव्ह' निघून गेलं. शब्दाला शब्द. अशा भाषांतराला कुणी नाव ठेवत नाही. पण ते तेवढंच नव्हतं. त्या अत्तराच्या वासात बसून मला त्या बाईपासून वीतभर लांब राहायचं होतं. हे मी त्या वेळी मनाशी बोलले नव्हते. 'हनी' म्हटलं असतं तर ती इथलीच कुणीतरी झाली असती, शेजारच्या टेबलावरची. 'माय लव्ह' म्हटल्यावर ती तिकडची झाली, पडद्यावरची. आणि मी इकडची राहिले.

प्रश्न अजून टेबलावर होता. मी तो स्पॅनिशमध्ये वळवला, आणि वळवताना काय होतंय ते मला दिसत होतं. 'माय लव्ह' परत जाताना पुन्हा 'मि आमोर' झालं. योकास्ताच्या कानावर तिचाच रोजचा साधा शब्द गेला. ती म्हणाली, "हो, म्हणत होते की. मी सगळ्यांनाच म्हणते." तिला ह्यात काही गैर वाटायचं कारणच नव्हतं. मी ते इंग्रजीत दिलं. "हो. मी सगळ्यांनाच तसं म्हणते." तोच शब्द तिच्या बाजूला निर्मळ राहत होता आणि ह्या बाजूला मळत होता, आणि मधली मोरी मी होते.

"सगळ्या पुरुषांना?" विटकॉमबाईंनी विचारलं.

"पुरुषांना, बायकांना. असं का विचारतायत?" योकास्ता म्हणाली.

"प्रश्न मी विचारते, मिसेस पेगेरो," विटकॉमबाई मवाळपणे म्हणाल्या. मग मेदेइरोस म्हणाले की त्यांना पाय मोकळे करायचेत, आणि दहा मिनिटांची सुटी झाली.

बाहेर खिडकीशी योकास्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "तू कुठली गं? बोलण्यावरून कोलंबियाची वाटतेस. किनाऱ्याकडची." मी म्हटलं, "माफ करा, साक्षीदाराशी खाजगी बोलायची मला परवानगी नाही." तिने भुवया उंचावल्या. "अगं, कुठली एवढंच विचारलं. तुझा पगार नाही विचारला." मी बर्फाकडे पाहत राहिले. पर्समधून पुदिन्याची गोळी काढून तिने माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. तिने ती स्वतःच्या तोंडात टाकली आणि जाता जाता म्हणाली, "असू दे. मोठ्या खुर्चीत बसल्यावर मान आखडतेच." आईही असंच म्हणाली असती, ह्याच ठेक्यात.

आई आणि टीव्ही. आमच्या घरी टीव्ही कधी बंद नसायचा. आईला गोष्ट कळायची नाही, पण ती चेहरे ओळखायची, आणि आमच्यासारखी बाई पडद्यावर आली की ओरडायची, "निदिया, धाव, आपल्यातली आलीय!" मी धावत जायचे. आपल्यातली एकतर फरशी पुसत असायची, नाहीतर नाचत. कधी कधी नवऱ्यावर बशा फेकायची आणि लोक हसायचे. फार सज्जन असली तर हातात जपमाळ घेऊन तुरुंगातल्या मुलासाठी रडायची. आई गिरणीत दुसऱ्या पाळीला जायची, रविवारी पायांना तेल चोळायची, आणि ट्रेड युनियनच्या सभेत मागच्या रांगेतून नेमका अडचणीचा प्रश्न विचारायची. तशी बाई कधी आली नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. आपल्यातली आली ह्यातच तिला आनंद. शाळेत बाईंनी मला एकदा प्रेमाने सांगितलं होतं की बोलताना इतके हातवारे करू नकोस, लोकांचं लक्ष हातांकडे जातं; तेव्हापासून वर्षभर मी वर्गात हातांवर बसायचे. आईला ते सांगितल्यावर ती हसली. "मग आता बोलतेस कशाने?"

आणि मग त्र्याण्णव साली ती जाहिरात. मी एकवीस वर्षांची, कॉलेजात. एका फर्निचरच्या दुकानाला स्थानिक वाहिनीसाठी तरुण बायको हवी होती, 'लॅटिन बाजाची'. आळशी नवरा फाटक्या सोफ्यावर लोळतोय, बायको त्याच्यावर किंचाळते, उशी फेकून मारते, मग नवा सोफा येतो आणि ती लाडात येऊन कंबर हलवत त्याच्या मांडीवर बसते. मी वाक्य म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "छान. पण तू तर इथल्यासारखीच बोलतेस. थोडं मसालेदार कर ना. तुझी आई कशी बोलते?" मी आईसारखं बोलले. तिचे लांबवलेले स्वर, तिचा 'स' च्या आधी येणारा 'ए', वाक्याच्या शेवटी वर चढणारा तिचा सूर. कॅमेऱ्यामागची सगळी माणसं खो खो हसली. दिग्दर्शकाने डोळे पुसले. मी आणखी दोनदा केलं, दर वेळी थोडं जास्त.

जाहिरात दोन हिवाळे चालली. पेट्रोल पंपावर लोक मला ओळखून म्हणायचे, म्हण ना, म्हण ना. आईने पहिल्या दिवशी अख्खा मजला बोलावला होता. मक्याच्या पिठाच्या, आत अंडं भरलेल्या आरेपा तळल्या होत्या. जाहिरात लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या लिग्याबाईंनी शिट्टी मारली. आईनेही टाळ्या वाजवल्या. रात्री बशा धुताना तिने मला विचारलं, "मी अशी बोलते?" रागावून नाही. हा रंग मला शोभतो का, असं विचारावं तसं. मी म्हटलं, "नाही गं, ते नाटक आहे." तिने मान डोलवली आणि बशी पुसून ठेवली. पण त्यानंतर मोठ्या दुकानात गेलो की आई बोटाने दाखवायला लागली. तोडकं का होईना, ती पूर्वी इंग्रजीत मागायची, हसत हसत. आता ती चीजकडे बोट दाखवायची, मग दोन बोटं वर करायची. मी शेजारी उभी राहून म्हणायचे, अर्धा पौंड, पातळ कापा. ती माझी दुभाषी म्हणून पहिली नोकरी असं मी लोकांना गमतीने सांगते. त्याच्या आधीचं सांगत नाही.

पुन्हा आत बसलो तेव्हा विटकॉमबाईंनी वहीचं पान उलटलं होतं. नाताळच्या पार्टीत तुम्ही नाचलात का? हो. कुणाबरोबर? सगळ्यांबरोबर, चाकांच्या खुर्चीतल्या मिसेस लव्होईबरोबरसुद्धा. मिस्टर गॉडेटबरोबर? एक गाणं. कपडे कुठले होते? लाल. स्वयंपाकघरात तुमचा आवाज चढतो असं सहकारी सांगतात. तुम्ही एकदा पळी फेकली होतीत? भांडी घासायच्या हौदात फेकली, कारण ती तुटलेली होती. तुम्ही स्वतःला तापट म्हणाल का? प्रत्येक प्रश्न साधा होता, कुणीही विचारावा असा. पण एकावर एक ठेवत गेल्यावर त्यांच्यातून एक बाई उभी राहत होती, आणि तिला मी ओळखत होते. तिने माझ्या आईच्या आवाजात सोफा विकला होता. खाली पाया म्हणून माझं 'माय लव्ह' होतं.

नियम स्पष्ट आहे. दुभाषीला स्वतःची चूक कळली तर तिने ती नोंदीवर दुरुस्त करायची. करता येते असं नाही, करायचीच. तरी मी दोन प्रश्न जाऊ दिले. विटकॉमबाईंच्या फर्मची कामं मला अकरा वर्षं मिळत होती, कारण मी खोलीत नसते असं त्यांचं माझ्याबद्दल मत होतं. आता तोंड उघडलं की मी असणार होते, आणि असले की लगेच त्यांच्या लेखी योकास्तासारखीच एक होणार होते. ह्या बायका एकमेकींना सांभाळून घेतात, असं ते म्हणणार. एकोणीस वर्षांची इस्त्री एका वाक्यात मोडणार. विटकॉमबाईंनी पाण्याचा घोट घेतला. लोरेनने बोटं मोकळी केली.

"दुभाषी नोंदीवर एक दुरुस्ती करू इच्छिते," मी म्हणाले.

मेदेइरोसनी मान वर केली. विटकॉमबाईंनी पेला खाली ठेवला.

"सकाळपासून साक्षीदाराने वापरलेल्या 'मि आमोर' ह्या शब्दांचं दुभाषीने 'माय लव्ह' असं भाषांतर केलं. ते शब्दशः असलं तरी चुकीचं आहे. साक्षीदाराच्या भाषेत हे अनोळखी माणसालाही सर्रास वापरायचं संबोधन आहे. इंग्रजीत 'हनी' किंवा 'डिअर' हे त्याच्या जवळ जातं. आधीच्या सर्व ठिकाणी तसं वाचावं."

"माझी हरकत आहे," विटकॉमबाई म्हणाल्या. "दुभाषी साक्ष देऊ शकत नाही."

"ही साक्ष नाही. ही दुभाषीची चूक आहे."

"पहिल्यांदा चूक नव्हती वाटत. तीन तासांनी वाटायला लागली?"

"चूक असेल तर ती नोंदवायलाच हवी," मेदेइरोस म्हणाले. ते ताठ बसले होते, सकाळपासून पहिल्यांदाच. "लोरेन, घ्या सगळं."

विटकॉमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, सूट, कान, हात. "मिस कांतियो, तुम्ही कुठल्या?"

"सेंट्रल फॉल्सची. इथून सहा मैल."

"माझा प्रश्न तुम्हाला कळला आहे."

"हो," मी म्हटलं. "दुभाषीला प्रश्न कळला आहे."

आता नियमाप्रमाणे हे सगळं मला साक्षीदाराला तिच्या भाषेत सांगायचं होतं. खोलीत जे बोललं जातं त्यातलं काही तिच्यापासून लपवायचं नसतं. मी तिच्याकडे वळले आणि सांगितलं. तुमच्या 'मि आमोर'चं मी इंग्रजीत असं केलं होतं, प्रियकराला म्हणतात तसं. ते चुकलं, आता मी ते बदललं आहे. योकास्ता माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला हसू आलं. मग ते चेहऱ्यावर अर्ध्यातच थांबलं.

"थांब. म्हणजे सकाळपासून ह्या लोकांना वाटतंय की मी त्या माणसाला... त्याला?"

तो प्रश्न मला होता, आणि मी तिथे नसायला हवं होतं. तिने विटकॉमबाईंकडे मान वळवली, आणि मग ती बोलली. खुर्ची मागे सरकली, ती उभी राहिली, तिच्या रिंगा हलल्या.

"अहो बाई, मी चौदा वर्षं म्हाताऱ्यांना भरवलंय तिथे! तोंड उघड मि आमोर, गिळ मि आमोर! माझ्या हातावर मेलेत ते, त्यांची मुलं नाताळला यायची तेवढीच! बसवाल्याला मी मि आमोर म्हणते, पाद्रीबाबांना म्हणते, मांजराला म्हणते! सकाळी दारात तुम्हाला म्हटलं, मग काय, मी तुमच्याशी झोपणार आहे? तो दार लावून माझ्या अंगावर आला आणि मी 'नो' म्हटलं. 'नो'! ते दोन्ही भाषांत सारखंच आहे, ते नाही का कुणी लिहून घेतलं?"

लोरेनची बोटं यंत्रावर थांबून होती, माझी वाट बघत. मला माझी सवय माहीत आहे. कितीदा तरी बायका अशा पेटल्या आहेत आणि मी ते इंग्रजीत निववून वाढलं आहे. एकदा कौटुंबिक न्यायालयात एक आई किंचाळली होती, माझ्या पोराला हात लावलात तर बघा, आणि मी म्हटलं होतं, 'ह्या निर्णयाला माझा तीव्र विरोध आहे.' न्यायाधीश नंतर म्हणाले, बाई संयमी वाटली. मला वाटलं मी तिला वाचवलं. तापट, भडक, मसालेदार, हे शब्द त्यांच्या जिभेवर यायच्या आत मी आग काढून घेत होते. आणि आग गेल्यावर तिचं जे म्हणणं होतं तेही गेलं होतं, कारण ते आगीतच होतं. राग आला म्हणून बाई नाटकातली होत नाही. तिला राग आलेला असतो, एवढंच. चौदा वर्षांनी असं विचारल्यावर आईलाही आला असता. मलाही आला असता, मला येत असता तर.

मी इंग्रजीत सुरुवात केली. "अहो बाई, मी चौदा वर्षं म्हाताऱ्यांना भरवलंय तिथे!" माझा आवाज मला अनोळखी वाटला, मोठा आणि थोडा फाटका. मी काही गाळलं नाही. म्हातारे, नाताळ, बसवाला, मांजर. "मग काय, मी तुमच्याशी झोपणार आहे?" हेही मी विटकॉमबाईंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, कारण योकास्ताने तसंच म्हटलं होतं. त्यांच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली. मेदेइरोस टेबलाकडे बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. मग 'नो' आलं. मी ते तिच्याइतक्याच जोरात म्हटलं.

विटकॉमबाई म्हणाल्या की आज इथेच थांबू, आणि पुढच्या वेळी वेगळा दुभाषी असावा अशी त्यांची विनंती नोंदवून घ्यावी. मेदेइरोस म्हणाले, नोंदवा, आणि दुरुस्तीही नोंदवलीत ना? योकास्ताने कोट घातला. माझ्याजवळून जाताना ती म्हणाली, "घसा बसला असेल, पाणी पी." मि आमोर म्हणाली नाही. का नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कदाचित त्या दिवशी तो शब्द कुणालाच द्यावासा वाटला नसेल.

दुभाषी पुरवणाऱ्या माझ्या संस्थेतून फोन आला तो दोन दिवसांनी. बाजू घेतलीस असं त्यांचं म्हणणं आहे, निदिया. मला माहितीय तू घेणार नाहीस, पण त्यांच्या कामांवर तुला आता पाठवता येणार नाही. मी बरं म्हटलं. महिन्यातले चार-पाच दिवस रिकामे राहायला लागले. त्या दिवसांत मी आईकडे जाते. ती आता ऐंशी पार आहे, टीव्ही अजून चालूच असतो. एकदा मी तिला मध्येच विचारलं, "ती जाहिरात आठवते तुला? सोफ्याची?" ती म्हणाली, "आठवते की. किती बारीक होतीस तू." मी म्हटलं, "आई, मी तुझी नक्कल केली होती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले." ती पडद्याकडेच बघत होती. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. "मला कळलं होतं गं," ती म्हणाली. "स्वतःचा आवाज माणसाला कळत नाही होय? पण तू नाटक म्हणालीस, मी म्हटलं, नाटक तर नाटक." आणि मग, "पण वाईट केलीस नक्कल. मी याहून बरी बोलते." मी कितीतरी वर्षांत अशी रडले नव्हते. तिने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, बंद केला नाही.

एप्रिलमध्ये मेदेइरोसनी मला जबानीचा मसुदा पाठवला. विटकॉमबाईंनी दुरुस्ती काढून टाकायचा अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. आता दुभाषीने आपली वाक्यं वाचून सही करावी, एवढंच होतं. सोबत चिठ्ठी होती. प्रकरण कोर्टात जायच्या आधी मिटलं, अटी सांगता येत नाहीत, योकास्ता आता पॉटकेटमध्ये एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहे आणि मुलांना ती आवडते. गॉडेट अजून तिथेच आहे.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचलं. कागदावर आवाज नसतो. इतका आरडाओरडा झाला होता आणि इथे सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत, ओळींना आकडे घालून, शिस्तीत बसलं होतं. पान सत्त्याऐंशीवर लोरेनने कंसात लिहिलं होतं: साक्षीदार उभी राहते. ते मला आठवत होतं. त्याच्या खाली सहा ओळींवर, माझं इंग्रजी उत्तर चालू असतानाच, आणखी एक कंस होता: दुभाषी उभी राहते.

ते मला आठवत नव्हतं. मी पुन्हा वाचलं. खुर्ची मागे सरकल्याचं, पाय ताठ केल्याचं, काहीच आठवेना. पण लोरेन तीस वर्षं हे काम करते आणि जे घडलं नाही ते ती लिहीत नाही. शेवटच्या पानावर सहीच्या वर एक रकाना होता, मजकुरात काही बदल सुचवायचा असल्यास इथे लिहावा. मी पेन घेतलं आणि त्यात 'काही नाही' असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं, निदिया एल्बिरा कांतियो.